शेवटच्या नावानंतर

"कोच, यंदाच्या यादीत माझ्या मुलाचं नाव आहे की नाही, एवढंच सांगा."

लॉरेन ब्रूक्स दारातच उभी होती. अंगात स्कूलबसच्या ड्रायव्हरांचं पिवळं जाकीट, हातात फॉइलनं झाकलेला केक. पोरांना घरोघरी सोडून झाल्यावर रिकामी बस घेऊन ती थेट इकडेच आली होती. बस रस्त्याच्या कडेला घरघरत होती.

कोच हॅस्केल खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी मान किंचित तिरकी केली. त्यांना समोरचं दिसत नसे, कडेचं तेवढं अंधुक दिसे.

"पेपर गुरुवारी येतो, लॉरेन."

"गुरुवारपर्यंत माझा जीव राहिला तर ना!"

मग तिची नजर माझ्याकडे वळली. मी टीव्हीसमोर गालिच्यावर मांडी घालून बसले होते. हातात रिमोट, आणि पडद्यावर तिचाच मुलगा हवेत उडी मारून तसाच थांबलेला.

"ही कोण?"

"ही जो. माझे डोळे," कोच म्हणाले.

लॉरेननं मला नखशिखांत न्याहाळलं. केक माझ्या हातात दिला. "मग डोळ्यांना म्हणावं, नीट बघा," एवढं बोलून ती निघून गेली.

माझं नाव ज्योत्स्ना. ओहायोतल्या त्या लहानशा गावात ते कुणाच्याच जिभेला झेपत नव्हतं, म्हणून मी 'जो' झाले होते. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. नवरा, श्रीधर, ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. माझा व्हिसा बायकोचा, म्हणजे देशात राहायला परवानगी, नोकरी करायला नाही. औरंगाबादला संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेली मी दिवसभर खिडकीतून समोरच्या घराचं गवत वाढताना बघायचे. श्रीधर स्वभावानं वाईट नव्हता. "ग्रीन कार्ड येऊ दे, मग बघू तुझं," म्हणायचा. कार्ड कधी येणार, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

कोच हॅस्केल आमचे शेजारी. बायको वारलेली, मुलगी लांब कॅलिफोर्नियात. एकदा ते विजेचं बिल घेऊन आले आणि म्हणाले, "जरा वाचून दाखवतेस? अक्षरं पळून जातात माझी." बिलावरून औषधांच्या बाटल्यांवर आलो, बाटल्यांवरून पत्रांवर, आणि मग एक दिवस ते म्हणाले, "जो, एक टेप लावतो. त्यात काय दिसतं ते सांगशील?"

टेप फुटबॉलची होती. अमेरिकन फुटबॉल. बॉल लांबट, आणि पायाला तो क्वचितच लागतो. त्याला फुटबॉल का म्हणतात हे मला आजही कळलेलं नाही. कोचनी गावच्या हायस्कुलात उभा जन्म तो खेळ शिकवला होता. निवृत्त झाल्यावर दर एप्रिलमध्ये ते गावच्या साप्ताहिकात एक अंदाज लिहायचे. तिकडे व्यावसायिक फुटबॉलचे बत्तीस संघ आहेत. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंना ते दोन दिवसांत, पाळीपाळीनं, सात फेऱ्यांत निवडून घेतात. आदल्या वर्षी जो संघ सगळ्यात वाईट खेळला, त्याची पाळी पहिली. खेळाडूला विचारत नाहीत. ज्यानं नाव पुकारलं त्याचा तो. कोणता संघ कोणाला घेणार, हे कोच आधी लिहायचे, आणि गावातली माणसं त्यावरून न्हाव्याच्या दुकानात वाद घालायची.

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी आपली मला दिसेल तसं सांगत गेले. "हा पळणारा बघतोय उजवीकडे, पण जाणार डावीकडे."

"कशावरून?"

"कंबर डावीकडे वळलीय."

कोच खुर्चीत पुढे सरकले. "तुला कंबर दिसली?"

"आम्हाला तेच शिकवलंय. डोळे खोटं बोलतात, कंबर बोलत नाही." मी त्यांना सांगितलं की परभणीला शाळेपासून मी कबड्डी खेळायचे, विद्यापीठाच्या संघात डावा कोपरा सांभाळायचे.

"कोपरा! आमच्यातही कोपरा असतो!" म्हातारा लहान पोरासारखा खूश झाला. त्या दुपारी मिठाच्या, मिरपुडीच्या डब्या टेबलावर मांडून मी त्यांना कबड्डी समजावली. चढाई करणारा एकाच दमात परत यायला हवा, हे ऐकून ते बराच वेळ मान हलवत राहिले.

तेव्हापासून रोज दुपारी मी त्यांच्याकडे जाऊ लागले. फेब्रुवारीत टीव्हीवर एक कार्यक्रम लागला. संघांची बडी माणसं खुर्च्यांवर बसलेली, आणि समोर एकेक पोरगा चड्डीवर येऊन काट्यावर उभा राहतोय. उंची मोजली, दंड मोजले, तळहाताची वीत मोजली. मला हसूच फुटलं.

"काय झालं?"

"कोच, हा तर आमच्याकडचा पाहण्याचा कार्यक्रम!"

मग तो काय असतो तेही सांगावं लागलं. "मुलाकडचे येतात, मुलीला बघतात. माझे पुष्कळ झाले. पोहे खायचे, चहा प्यायचे, कळवतो म्हणायचे. कुणाला माझी उंची जास्त वाटायची, कुणाला खांदे रुंद. गुडघ्यांवरच्या खुणा बघून एक बाई म्हणाल्या होत्या, मुलीनं असे खेळ खेळू नयेत."

"आणि कळवायचे?"

"नाही."

कोच हसले नाहीत. जरा वेळानं म्हणाले, "मग हे काम तुला माझ्यापेक्षा बरं जमेल. फक्त एक ध्यानात ठेव. कोण चांगला खेळतो, हे आपण लिहीत नाही. ते कोणाला घेतील, हे लिहितो. दोन्हींची गल्लत केलीस की अंदाज चुकलाच समज."

आणि माझी गल्लत झाली ती इलायजा ब्रूक्सच्या बाबतीत.

इलायजा म्हणजे लॉरेनचा मुलगा. गावातल्याच छोट्या कॉलेजात शिकायचा, तिथल्याच संघातून कोपऱ्यावर खेळायचा. समोरच्या संघाचा पळणारा गडी लांबचा बॉल झेलायला धावतो, त्याच्याबरोबर धावायचं आणि त्याला झेलू द्यायचं नाही, हे त्याचं काम. त्याची पहिली टेप पाहिली आणि मी रिमोट खाली ठेवला. तो समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता. नजर कंबरेवर. समोरचा वळायच्या आधीच हा वळलेला. सावली जशी माणसाला सोडत नाही तसा.

"कोच, हा जाणार. पहिल्या तीन फेऱ्यांत जाणार."

"नाही जाणार."

"तुम्ही त्याला बघितलेलं नाही."

"बघितलंय. डोळे धड होते तेव्हा हायस्कुलात मीच शिकवलंय त्याला. माझ्या हाताखालचा सगळ्यात हुशार पोरगा. तरी नाही जाणार. पाच फूट आठ इंच. आजकाल कोपऱ्यावर त्यांना ताडमाड पोरं लागतात. त्यात कॉलेज हे एवढंसं."

"मग हा अन्याय आहे."

"असेल. आपल्याला अन्याय-न्याय लिहायचा नाहीये."

आठवडाभर आम्ही भांडलो. शेवटी ते म्हणाले, "टेप तू बघितल्यास, मी नुसत्या ऐकल्या. या पोराचं तू ठरव. तू लिहिशील ते माझ्या नावानं छापू."

मला वाटलं, आता काय, जिंकलेच मी. पण पेन उचललं आणि शिकलेलं आडवं आलं. कोचच्या माळ्यावर जुन्या मासिकांचे गठ्ठे होते. मी मागच्या कित्येक वर्षांच्या निवडी काढून बसले. कोपऱ्यावरचे खेळाडू, त्यांची उंची, त्यांचं कॉलेज. इलायजाच्या उंचीची पोरं होती, पण सगळी मोठ्या कॉलेजांतली. लहान कॉलेजांतलीही होती, पण सगळी उंच. बुटका आणि लहान कॉलेजातला, असा एकही सापडेना. मी वर्षं मागे मागे नेत राहिले. शेवटी गठ्ठा संपला.

लॉरेन केक घेऊन आली ती त्याच दिवशी. ती गेल्यावर कोच म्हणाले, "मग?"

"नाही घालत नाव," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"ठीक. पण त्यांना पेपरातून कळता कामा नये. चल, कोट घाल."

ब्रूक्स मायलेक कॉलेजच्या मागच्या गल्लीत राहायचे. कोच माझ्या दंडाला धरून चालत होते. इलायजानं दार उघडलं. टेपवर दिसायचा त्याहूनही तो बारीक होता. आम्ही स्वयंपाकघरात टेबलाभोवती बसलो आणि मी एका दमात सांगून टाकलं.

लॉरेन उठून उभी राहिली. "तू कुठल्या देशातून आलीस? कधी आलीस? आणि माझ्या पोराचं भविष्य तू सांगणार?"

"मॉम," इलायजा म्हणाला.

"नाही, बोलू दे मला! गावातल्या प्रत्येक दुकानात याचा फोटो आहे. निवडीच्या रविवारी सगळं चर्च आपल्याकडे जेवायला येणार आहे. आणि ही..."

"तो समोरच्याचे डोळे बघत नाही," मी म्हणाले. "कंबर बघतो. पळणारा फसवायला खांदा टाकतो तेव्हा बाकीची पोरं फसतात, हा फसत नाही. फक्त उजवीकडे वळताना याचं एक पाऊल जास्त पडतं, आणि ते त्याला माहीत आहे, म्हणून तो आधीपासून त्या बाजूला थोडा सरकून उभा राहतो. मी त्याचा प्रत्येक सामना बघितलाय. काही काही पुन्हा पुन्हा."

 इलायजा माझ्याकडे टक लावून बघत होता.

"ते जास्तीचं पाऊल आमच्या कॉलेजच्या कोचलाही कधी दिसलं नाही," तो म्हणाला. मग सावकाश विचारलं, "एवढं दिसतंय तुम्हाला, मग ते मला का घेणार नाहीत?"

"कारण ते आधी टेप लावतात आणि मग बघतात," कोच म्हणाले. "त्यांची टेप म्हणजे मापं घ्यायची पट्टी, बाळा. तुझी उंची बघून बरेचसे तुझा खेळ बघायचेच नाहीत."

लॉरेन सिंककडे तोंड करून उभी राहिली. पाणी उगाचच सुरू केलं, बंद केलं.

"आता दुसरी गोष्ट ऐक," कोच म्हणाले. "सात फेऱ्या संपतात, शेवटचं नाव पुकारलं जातं, टीव्हीवाले दिवे मालवून घरी जातात. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. ज्यांची नावं आली नाहीत, त्यांच्यातल्या काहींना संघ फोन करतात, शिबिराला ये म्हणून. पटापट, एकमेकांच्या आधी. आणि त्या वेळी तू कुणाचाच नसतोस. कुणाला हो म्हणायचं ते तू ठरवायचं."

"शिबिराला नव्वद पोरं असतात. निम्मी हाकलतात," इलायजा म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय. अजून अडीच आठवडे आहेत. कोण तुला घेईल, याचा विचार सोड. तू कुठं टिकशील, याचा कर."

पेपर आला आणि गाव आमच्यावर उखडलं. बेकरीतल्या बाईनं मला सुटे नाहीत म्हणून ब्रेड द्यायचं नाकारलं. कोचच्या दारात कुणीतरी साप्ताहिक फाडून टाकलं. पण इलायजा मात्र रोज दुपारी सरावानंतर येऊ लागला. मी गालिच्यावर, तो माझ्या शेजारी, कोच खुर्चीत. आम्ही उलटं गणित मांडलं. कोणत्या संघाकडे कोपऱ्यावर माणसं कमी आहेत? कुणाची म्हातारी झालीत? कोणता संघ कोपऱ्यावरच्या गड्याला माणसापाशी चिकटून खेळवतो, आणि कोणता नुसती जागा राखायला लावतो? इलायजा बारकावे सांगायचा, मी आकडे लावायचे, कोच दोघांचंही खोडून काढायचे. शेवटी एका संघापाशी आम्ही तिघंही थांबलो. उत्तरेकडचा, कडाक्याच्या थंडीतला, सलग हरत आलेला संघ. गावात कुणी त्याचं नावही घ्यायचं नाही.

"त्यांचा एक माणूस पानगळीच्या दिवसांत आमच्या सरावाला आला होता," इलायजाला आठवलं. "काही बोलला नाही. जाताना हात मिळवला, नंबर दिला."

एकदा श्रीधर मला बोलवायला आला. जेवण थंड होत होतं. आम्ही तिघं एका टेपवरून तावातावानं भांडताना बघून तो दारातच उभा राहिला. घरी जाताना म्हणाला, "तुला इतक्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलंच नव्हतं."

निवडीच्या रविवारी लॉरेनच्या घरात उभं राहायला जागा नव्हती. मक्याच्या पावाची, भाजलेल्या कोंबडीची ताटं भरभरून फिरत होती. मी आल्यावर काही जण बाजूला सरकले, पण लॉरेननं मला कोचशेजारी खुर्ची दिली.  शनिवारी तीन फेऱ्या होऊन गेल्या होत्या. चौथी गेली. पाचवी गेली. प्रत्येक नावाला खोली श्वास रोखायची आणि सोडायची. माझी कॉलेजातली सगळी संख्याशास्त्राची पुस्तकं खोटी ठरावीत, असं मला मनापासून वाटत होतं.

सातव्या फेरीत फोन वाजला. इलायजानं उचलला, "येस सर" म्हणाला, आणि खोली एकदम चिडीचूप झाली. पलीकडचा दक्षिणेकडच्या एका संघाचा होता; म्हणाला, पुढच्या पाळीत कदाचित तुझं नाव घेऊ, फोनजवळ राहा. लॉरेननं माझा हात धरला. कुणाचा धरला हे तिलाही कळलं नसावं. पडद्यावर त्या संघाची पाळी आली. नाव पुकारलं गेलं. दुसऱ्याच कुणाचं होतं.

मग ते संपलं. शेवटचं नाव झालं, जाहिराती लागल्या. चर्चच्या पास्टरनी टीव्ही बंद केला. लॉरेननं हात सोडवून घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझं बरोबर निघालं."

"मला नको होतं," मी म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. मग पुन्हा वाजला. पहिला पश्चिमेकडचा एक संघ. दुसरा तर असा, की त्या खोलीतल्या निम्म्या लोकांच्या अंगात त्याच संघाचे सदरे होते. इलायजानं रिसीव्हरवर हात ठेवून संघाचं नाव सांगितलं आणि एकच गलका झाला. एका काकांनी टोपी छताकडे उडवली.

"हो म्हण! हो म्हण लवकर!" लॉरेन ओरडली.

इलायजानं कोचकडे पाहिलं. कोचनी खांदे उडवले. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे कोपऱ्यावर सहा जण आहेत," मी म्हणाले. "तुला माहीत आहे ते."

"पण त्या उत्तरेकडच्यांनी फोन केलेला नाही."

"नाही केलेला."

त्यानं डोळे मिटले. मग रिसीव्हर कानाला लावला. "सर, तुमचे फार आभार. मला दहा मिनिटं द्याल का?" पलीकडून काहीतरी तुटक आलं. त्यानं फोन ठेवला. लॉरेनचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"इलायजा, काय केलंस हे?"

 त्यानं पाकिटातून तो नंबर काढला आणि फोन फिरवला. खोलीतला प्रत्येक माणूस ऐकत होता. "सर, मी इलायजा ब्रूक्स. तुम्ही आमच्या सरावाला आला होता. हो. नाही, मला कुणी घेतलं नाही. मला दोन ठिकाणांहून बोलावणं आहे, पण मला तुमच्याकडे खेळायचंय. का ते सांगू?" आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. त्यांचे दोन कोपरे तिशी ओलांडलेले. त्यांची खेळायची तऱ्हा. त्याला स्वतःला काय जमतं. आणि उजवीकडे वळताना जास्तीचं पाऊल पडतं, हेसुद्धा. मी कोचचा हात घट्ट धरला.

 इलायजा ऐकत राहिला. "येस सर. थांबतो." तो थांबला. कुणीतरी कुणाला तरी विचारायला गेलं असावं. लॉरेन पुटपुटत प्रार्थना करत होती. मग तो ताठ झाला.

"येस सर. शुक्रवारी. थँक यू, सर."

त्यानं फोन ठेवला आणि आईला उचलूनच घेतलं. त्या गोंधळात कोच मला सारखे विचारत होते, "काय झालं? जो, काय दिसतंय? सांग ना!" आणि मला रडता रडता सांगता येत नव्हतं.

पुढे तो त्या शिबिरात टिकला. पहिलं वर्ष नुसता सरावापुरता होता, दुसऱ्या वर्षी मैदानात उतरला. सहा हंगाम खेळला, मोठं नाव काही झालं नाही, पण पायावर उभा राहिला. आता त्याच हायस्कुलात पोरांना शिकवतो. कोच त्याचा पहिला सामना ऐकून गेले. मी शेजारी बसून प्रत्येक कंबर त्यांना सांगितली होती.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी लॉरेननं बळंच बांधून दिलेलं जेवण घेऊन मी घरी आले. श्रीधरनं विचारलं, "काय झालं मग? घेतलं त्याला?"

"नाही. त्यानंच त्यांना घेतलं."

मी त्याला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यानं जेवणही संपवलं. मग मी म्हणाले, "कार्ड येईल तेव्हा येईल. या व्हिसावर नोकरी करता येत नाही, पण शिकता येतं. मोठ्या शहरातल्या विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे. दीड तास लांब आहे."

श्रीधरनं गाडीची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली. "गाडी तुला लागेल मग," तो म्हणाला. "मी कारखान्यात कुणाबरोबर तरी जाईन."

सोमवारी सकाळी मी विद्यापीठात फोन लावला. विभागातल्या बाईंनी माझं नाव दोनदा विचारून घेतलं. मी पीएच.डी.बद्दल बोलायचंय म्हणाले.

"तुमचं नाव आमच्या प्राध्यापकांपैकी कुणी सुचवलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "माझं मीच सुचवतेय."

त्या हसल्या. "थांबा हं," म्हणाल्या, "पेन घेते."